प्रारब्ध, देह आणि एका आईचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. आंबेगाव तालुक्यातील एका गावी घोडनदीच्या काठी दशक्रियेच्या प्रवचनासाठी आम्हास बोलावणे होते. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात दशक्रियेला प्रवचन नाही असे सहसा घडत नाही. घाटावर विधी चालू असतो, मंडळी सावली पाहून बसलेली असतात, आणि कोणीतरी महाराज चार शब्द सांगतो. गेली चाळीस वर्षे हे काम आम्ही करीत आलो आहोत. बहुतेक वेळी गेलेला जीव पिकले पान असतो, आणि आमचे शब्दही ठरलेले असतात.

त्या दिवशी मात्र गेला होता तो बारा वर्षांचा मुलगा. रात्री भावंडांत जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. मध्यरात्रीच्या सुमारास पोटात कळ आली म्हणून उठला, एकदा ओकला. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. घरच्यांनी ओवा दिला, पोट शेकले. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात, बोलणे जड झाले, पाणी गिळवेना. उजाडता उजाडता श्वास थांबला. मागाहून वाकळेच्या घडीत मण्यार सापडली.

आम्ही नेहमीचेच प्रवचन केले. आयुष्याची दोरी किती लांब हे आधीच ठरलेले असते, निमित्त मात्र कोणाचे तरी लागते, प्रारब्ध कोणाला चुकले नाही, असे सांगितले. लोकांनी माना हलविल्या. आम्ही उठून निघालो, तोच मुलाची आई पुढे आली. रडून रडून डोळे कोरडे झाले होते. ती म्हणाली, “महाराज, येक इचारते. राती बारालाच त्याला गाडीत घातला असता, तर त्याचं प्रारब्ध बदललं असतं का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. “माऊली, झाल्या गोष्टीला इलाज नाही,” एवढे पुटपुटून आम्ही गाडीत बसलो. वाटेत आमच्याबरोबरच्या टाळकऱ्याने हळूच सांगितले ते ऐकून मात्र घास घशाखाली उतरेना. त्या रात्री आई म्हणत होती, दवाखान्यात नेऊ. पण घरातले आजोबा, गळ्यात माळ असलेले, पंढरीची वारी न चुकविणारे, ते म्हणाले, “मागच्या सप्ताहात महाराजांनी काय सांगितलं? काळ आला तर धन्वंतरीचं चालत नाही, अन् नसंल आला तर पोटदुखीनं कोणी मरत नाही. सकाळी बघू.” वाक्य आमचेच होते. सप्ताहात आम्ही ते टाळ्या मिळवून म्हटले होते.

तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मागे लागला आहे. ‘हो, बदलले असते’ म्हणावे, तर त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर नातवाच्या मृत्यूचा धोंडा ठेवल्यासारखे होते. ‘नाही’ म्हणावे, तर पुढच्या घरी पुढच्या रात्री दुसरा कोणी म्हातारा ‘सकाळी बघू’ म्हणणार, आणि ते पाप आमच्या पदरी. एका बाजूला सांत्वन, दुसऱ्या बाजूला एखाद्या लेकराचा जीव. या पेचातून सुटण्यासाठी आम्ही दोन ठिकाणी गेलो, एक देहाकडे आणि दुसरे शास्त्राकडे. तेथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम देहाचे. देह म्हणजे काय, हे आम्ही व्यासपीठावरून हजार वेळा सांगितले असेल. हाडामांसाची पिशवी, मळमूत्राचे कोठार, ही आमची नेहमीची भाषा. परंतु ही पिशवी शिवली कशी आहे, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. आमच्या त्या टाळकऱ्याचा मुलगा डॉक्टर आहे. त्याला आम्ही म्हटले, “बाळा, त्या पोराच्या देहात त्या रात्री काय झाले ते आम्हाला पहिल्यापासून सांग. आम्ही पाठशाळेत शिकलेली माणसे, समजेल असे सांग.” त्याने जुन्या पंचांगाचे मागचे कोरे पान घेतले आणि चित्र काढीत बसला.

तो म्हणाला, “महाराज, देह हा पेशींचा. एकाच कामाच्या पेशी एकत्र आल्या की त्यांना ऊती म्हणतात. साऱ्या देहात मुख्य ऊती चारच.” पहिली अभिस्तर ऊती. ही देहाची पांघरुणे होत. बाहेरची त्वचा, तोंडाचे व आतड्याचे आतले अस्तर, फुप्फुसातील बारीक फुग्यांच्या भिंती, ही सारी तिचीच. ही पांघरुणे सतत झिजतात आणि नवी होतात. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात, तर आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत बदलते. दुसरी संयोजी ऊती, म्हणजे बांधणारी आणि आधार देणारी. हाड, कूर्चा, चरबी, स्नायूला हाडाशी जोडणारे दोर हे तीत येतात, आणि आश्चर्य असे की रक्तही तीतच मोजतात. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि त्यातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगून पालटतात. तिसरी स्नायू ऊती. हातपाय हालविणारे, काळजाचे आणि आतड्याचे असे तिचे तीन प्रकार. चौथी चेता ऊती, म्हणजे मेंदू, पाठीच्या कण्यातील रज्जू आणि तेथून सर्वांगात गेलेले चेतातंतू. या चार ऊतींतून हृदय, फुप्फुस, जठर ही इंद्रिये घडतात, आणि इंद्रियांच्या जुळणीतून श्वसन, रुधिराभिसरण, पचन इत्यादी संस्था उभ्या राहतात.

आम्हास आयुर्वेदाचे सप्तधातू पाठ. वाटले की रसरक्तमांसादी सातांची या चारांशी सांगड घालावी. पण तसे करण्यात अर्थ नाही. दोन्ही गणना वेगळ्या हेतूने झालेल्या आहेत, त्या ओढूनताणून एक करू नयेत. हाडांचेही तसेच. चरकाने 360 मोजली, सुश्रुताने 300, आजचे शास्त्र प्रौढ माणसात 206 म्हणते. दात, नखे, कूर्चा हाडांत धरायची की नाही, यावर बेरीज पालटते. मात्र सुश्रुताची एक गोष्ट आम्ही शिकताना वाचली होती आणि विसरलो होतो. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की ज्याला देहाचे निःसंशय ज्ञान हवे त्याने प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, मग वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंचल्याने थर थर खरवडून आतले प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे. शास्त्रात वाचलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले, दोन्ही मिळून ज्ञान वाढते, असा त्याचा निर्णय आहे. आम्ही मात्र देहाची निंदा करण्यापुरते शास्त्र घेतले आणि पाहण्याचे टाकून दिले.

आता मण्यारीचे. हात उचलावा असे मनात आले की मेंदूतून निरोप निघतो. चेतातंतूतून तो सेकंदाला पन्नास मीटरांहूनही अधिक वेगाने धावतो आणि स्नायूपाशी येतो. पण तंतू आणि स्नायू एकमेकांस चिकटलेले नाहीत, मध्ये अतिसूक्ष्म फट आहे. नदीच्या अलीकडे तंतूचे टोक, पलीकडे स्नायू. ही नदी ओलांडावयास ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य होडीसारखे कामी येते. तंतूच्या टोकाशी त्याच्या लहान लहान पुड्या भरलेल्या असतात. निरोप आला की पुडी फुटते, द्रव्य पलीकडे पोहोचते आणि स्नायू आखडतो. नागाचे विष पलीकडचा धक्काच अडवून बसते, होडीला लागायला जागा उरत नाही. मण्यारीचे मुख्य विष अलीकडचे, तंतूचे टोकच मोडून टाकते, त्यामुळे होडी सुटतच नाही. प्रथम पापण्या पडतात, मग गिळणे आणि बोलणे जाते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

येथे आम्ही विचारले, “फुप्फुस तर धड असते ना?” तो म्हणाला, “महाराज, तुमच्या पेटीचंच घ्या. सूर सगळे शाबूत आहेत, पण भाता मारणारा हात लुळा पडला, तर पेटी वाजेल का?” फुप्फुसाला स्वतःचे बळ नाही. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू आणि बरगड्यांमधले स्नायू हा त्याचा भाता. मिनिटाला बारा ते अठरा वेळा, झोपेतही, चेतातंतूंच्या निरोपाने तो हालतो. काळीज मात्र आपल्या लयीने आपणच चालते, त्याला प्रत्येक ठोक्यासाठी बाहेरचा निरोप लागत नाही. म्हणून श्वास थांबल्यावरही थोडा वेळ नाडी लागते. फुप्फुस धड, काळीज धड, मेंदू धड, आणि केवळ निरोप पोहोचत नाही म्हणून माणूस जातो.

मग त्याने सांगितले ते आम्ही जन्मात विसरणार नाही. अशा रोग्याच्या पापण्या मिटलेल्या असतात, हात हालत नाही, ओठ हालत नाहीत, पण श्वास पुरता कोंडत नाही तोवर त्याची शुद्ध जात नाही. त्याला ऐकू येत असते. बाहेरचे लोक म्हणतात, बेशुद्ध आहे, संपला. आणि आतला माणूस ते ऐकत असतो. भगवद्गीतेचा तेरावा अध्याय आम्ही वर्षानुवर्षे सांगितला. देह हे क्षेत्र, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. मन आणि बुद्धी हीदेखील क्षेत्रातलीच, हे आम्ही जाणतो, तेव्हा डॉक्टराच्या मेंदूला आम्ही आत्मा म्हणत नाही. पण इतके खरे की त्या पहाटे त्या मुलाच्या मिटल्या पापण्यांआड कोणीतरी जागे होते. आईची हाक त्याला ऐकू येत असावी. आजोबांचे ‘सकाळी बघू’देखील ऐकू आले असावे.

यावर उपाय आहे काय? आहे. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा वाढवीत वाढवीत देतात, त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढून औषध करतात. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. वारीत रिंगणाच्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. ज्या घोड्याच्या रक्ताने हजारो जीव वाचतात त्यालाही मनोमन एक नमस्कार असावा. असे प्रतिविष बनविणारा एक कारखाना तर आपल्या नारायणगावातच आहे. पण डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते, मोडलेले टोक ते जोडू शकत नाही. म्हणून मण्यारीच्या दंशात प्रत्येक घटकेला मोल आहे. उशीर झालाच, तर यंत्राने श्वास द्यावा लागतो. तंतूंची टोके आपोआप पुन्हा उगवतात, त्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढे दिवस दुसऱ्याने भाता मारला तर पेटी पुन्हा आपली आपण वाजू लागते. म्हणजे रात्री बाराला निघालेल्या गाडीला अर्थ होता. आईचा प्रश्न वेडा नव्हता.

देहाचे उत्तर हे असे मिळाले. आता शास्त्राचे. येथे आमच्यातलाच जुना पूर्वपक्षी उभा राहिला. तो म्हणाला, आयुष्य नियतच आहे, वैद्य निमित्तमात्र, सारी पुराणे हेच सांगतात. त्याला उत्तर देण्यासाठी आम्ही पोथ्या पुन्हा उघडल्या.

पूर्वपक्षाचा पहिला आधार परीक्षिताचे आख्यान. तक्षकाच्या दंशाने सातव्या दिवशी मृत्यू असा शाप, आणि तो चुकला नाही. हे आख्यान आम्ही कितीदा तरी लावले. पण महाभारताच्या आदिपर्वात ते कसे आहे पाहा. राजाने एका खांबावर प्रासाद बांधविला, तेथे वैद्य ठेवले, औषधे ठेवली. विष उतरविणारा काश्यप नावाचा ब्राह्मण राजाकडे निघाला. वाटेत तक्षकाने वड जाळून भस्म केला आणि काश्यपाने तो पुन्हा उभा केला. तेव्हा तक्षकाने काय केले? धन देऊन त्याला परत पाठविले. मृत्यू अटळ आहे अशी तक्षकाची खात्री असती, तर वैद्याला लाच देण्याचे त्याला काय कारण होते? काळाच्या दूतालासुद्धा वैद्याची भीती वाटली! कोणी म्हणेल, काश्यपाने ध्यानाने राजाचे आयुष्य सरलेले पाहिले, म्हणून तो फिरला. खरे आहे, ग्रंथात तसे आहे. पण काश्यपाला दिव्यज्ञान होते. त्या पोराचे आयुष्य सरले की नाही, हे पाहण्याचे दिव्यज्ञान आम्हाला कोणी दिले होते? आम्ही काश्यपाचे ज्ञान घेतले नाही, त्याचे परत फिरणे तेवढे घेतले.

दुसरा आधार, आयुष्य नियत असते हा. याचा विचार चरकसंहितेत विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आला आहे. सर्वांचे आयुष्य नियतच असते, तर कोणी औषध घेतले नसते, मंत्र म्हटला नसता, उधळलेल्या बैलापुढून कोणी बाजूला झाले नसते, असे आचार्य स्पष्ट विचारतात. आणि गाडीच्या आसाचा दृष्टान्त देतात. चांगला आस नीट वापरला तर आपल्या मुदतीने झिजून जातो, तो त्याचा काळ. पण तोच आस अतिभाराने, वाईट वाटेने, वंगण न दिल्याने मध्येच मोडतो, तो अकाळ. घाटरस्त्याने बैलगाडी हाकलेल्या आमच्या पिढीला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आस मोडला म्हणून कोणी शेतकरी ‘आसाचे प्रारब्ध’ म्हणत स्वस्थ बसला नाही, त्याने खाली उतरून वंगणाचे नळकांडे पाहिले.

तिसरा आधार, दैव बलवत्तर हा. अनुशासनपर्वाच्या सहाव्या अध्यायात युधिष्ठिराने भीष्मांना नेमके हेच विचारले आहे. तेथे उत्तर असे की दैव हे बी आणि पुरुषाचा प्रयत्न हे शेत. शेताविना बी फुकट. शेतकऱ्याच्या पोरांनी तरी बी हातात धरून ‘उगवायचे तर उगवेल’ असे म्हणू नये.

आणखी एक विचार आमच्या मनात आला. कोकणात विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक जीव जात. त्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, काळजावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचवाच्या या विषाचा अभ्यास केला आणि 1980 च्या दशकात रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले. गंभीर दंशात पूर्वी शंभरातील तीस-चाळीस माणसे दगावत, तेथे पुढे शंभरात एखादे दगावू लागले. या कामासाठी त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. आता पूर्वपक्ष्याने सांगावे, दहा-पंधरा वर्षांत साऱ्या कोकणातल्या लोकांचे संचित पालटले काय? की आधी जे जात होते ते अज्ञानाने जात होते आणि आम्ही त्याला प्रारब्ध म्हणत होतो? आणि पूर्वपक्षी म्हणेल की औषध निघणे हेही प्रारब्धच, तर आम्ही म्हणू, ठीक, मग मध्यरात्री दाराशी उभी असलेली गाडीही प्रारब्धच धर. साप तेवढा प्रारब्धाने आला आणि गाडी मात्र प्रारब्धाबाहेरची, हा कोणता न्याय?

चौथा आधार सर्वांत बळकट, कारण तो आमच्या संप्रदायाच्या जिव्हाळ्याचा, म्हणजे वैराग्याचा. देह नाशवंत, त्याची काय मातब्बरी? येथेही परीक्षितच उत्तर देतो. भागवतातला परीक्षित सारे सोडून गंगातीरी बसला आणि शुकमुखाने कथा ऐकत देहाविषयी निःशंक झाला. पण तो देह कोणाचा होता? त्याचा स्वतःचा. त्याने आपल्या देहाविषयी वैराग्य धरले. राज्यातल्या कोणा मुलाला साप चावला असता आणि त्याने ‘देह नाशवंत’ म्हणून वैद्याला थांबविले असते, तर त्याला राजर्षी कोणी म्हटले असते काय? वैराग्य आपल्या देहापुरते धरावे, दुसऱ्याच्या देहापाशी दयाच हवी. ही सीमा आम्ही चाळीस वर्षे पुसून टाकली होती. दुसऱ्याच्या लेकराच्या देहाविषयी आम्ही दाखविलेले वैराग्य हे वैराग्य नव्हते, तो निष्काळजीपणा होता, आणि गळ्यात माळ घालून तो अधिक धोक्याचा झाला होता.

मग प्रारब्धाचा सिद्धान्त टाकून द्यावयाचा काय? मुळीच नाही. त्याची जागा ओळखावयाची. प्रारब्ध फळ आल्यावरच कळते, त्याआधी ते कोणालाच दिसत नाही. म्हणून झालेल्याचा स्वीकार करताना त्याचा आधार घ्यावा, करावयाचे काय हे ठरविताना घेऊ नये. रोगी जिवंत आहे तोवर प्रारब्धाचे नाव काढणे म्हणजे न वाचलेल्या पत्राचे उत्तर लिहिणे होय. आणि सर्व प्रयत्न करूनही जीव गेला, तर मात्र त्या घरी जाऊन प्रारब्ध सांगण्याचा आम्हाला अधिकार आहे, कारण तेथे ते शब्द कोणाला मारणार नाहीत.

आपल्या भागात हा विषय केवळ पोथीचा नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालवे आले, ऊस आला, बारमाही पिके आली. धान्यामागे उंदीर आला आणि उंदरामागे साप. पाणी भरायला माणूस रात्री शेतात जाऊ लागला. पश्चिमेकडच्या डोंगरवाड्यांत अजून कित्येक घरी भुईवर निजतात. एका अभ्यासाप्रमाणे 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाची गणना दुर्लक्षित रोगांत केली, आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा भारत सरकारने 2024 साली जाहीर केला. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षे सर्पदंशावर उपचार करीत आले आहेत आणि गावोगावी लोकांना सापांची माहितीही देतात. सरकार आणि डॉक्टर आपले काम करीत आहेत. पण रात्री बारा वाजता घरात जो निर्णय होतो तो आजोबांच्या तोंडून होतो, आणि आजोबांच्या तोंडी शब्द आमचे असतात. म्हणून कीर्तनकारांवर हे ओझे आहे.

आता आम्ही सप्ताहात जे सांगतो ते येथेही लिहितो. पावसाळ्यात बाजेवर निजावे, मच्छरदाणी खोचून घ्यावी, अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नये, सरपण घराला लागून रचू नये. रात्री भुईवर निजलेल्या माणसाचे पोट अचानक दुखू लागले, पापण्या जड झाल्या, गिळवेना, तर अंगावर खूण असो वा नसो, मण्यार समजावी आणि निघावे. चावलेला भाग हालू देऊ नये, काठीला सैल बांधावा. अंगठी, कडे, जोडवी काढावीत. आवळून दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये. सुश्रुताने दंशाच्या वर बंध सांगितला आहे हे आम्हास ठाऊक आहे. पण प्रत्यक्ष पाहून ज्ञान वाढवावे हेही त्यानेच सांगितले, आणि प्रत्यक्ष असे दिसले की आवळलेल्या दोरीने अंग सडते आणि विष थांबत नाही. साप मारण्यात वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा, किंवा मिळेल ते वाहन काढावे. घोणस किंवा फुरसे असेल तर विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालविते. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात, आणि ते पातळच राहिले तर विष कळते. तेवढी वीस मिनिटे धीर धरावा, डॉक्टरांशी भांडू नये. देवाचे नाव घ्यावयाचे तर गाडीत घ्यावे, गाडी चालू असता घ्यावे.

वर्षश्राद्धाच्या सुमारास आम्ही त्या घरी गेलो. बोलावणे नव्हते. आजोबा ओसरीवर बसले होते, वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारे झालेले. आम्ही त्यांच्याजवळ भुईवर बसलो आणि म्हणालो, “बाबा, त्या रात्रीचा दोष तुमचा नव्हे. तुम्हाला ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक होते ते आम्ही सांगितलेले होते. ते वाक्य आमचे होते, त्याचा दोष आमचा.” म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग आमचा हात धरून रडला. सांत्वनासाठी खोटे बोलावे लागते असे आम्हास वर्षभर वाटत होते. खरे बोलून दोष आपल्या अंगावर घेतला की दुसऱ्याचे ओझे उतरते, हे त्या ओसरीवर कळले.

मुलाची आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला आम्ही म्हणालो, “माऊली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी द्यायला हवे होते. गाडीत घातला असता तर वाचण्याची आशा होती. वाचलाच असता असे कोणी सांगू शकत नाही. पण नेणे हेच बरोबर होते, तुझेच बरोबर होते.” ती काही बोलली नाही. चहा ठेवते म्हणून आत गेली. आतल्या खोलीत दोन नव्या बाजा मांडलेल्या दिसल्या, त्यांवर धाकट्या दोघी मुलींची पांघरुणे घडी करून ठेवली होती आणि वर मच्छरदाणी गुंडाळून बांधली होती.

रामकृष्णहरी.